ऑटो-डिमिंग आरशाचे दोन डोळे आणि मध्येच आलेला डॅशकॅम

प्रश्न थोडक्यात असा. जालन्यातली गाडी, आतला आरसा ऑटो-डिमिंग, म्हणजे मागून झळ आली की आपोआप काळपट होणारा. दोन महिन्यांपासून भर दुपारीही आरसा निळसर काळपट राहतो. रात्री समृद्धीवर मागून ट्रकने अप्पर मारला तर कधी काळा होतो, कधी होत नाही. सर्व्हिसवाल्यांनी ‘आरसाच बदला’ असं सांगितलं आहे. गाडीत अलीकडे झालेले बदल दोनच: पुढच्या काचेवर स्क्रीनवाला डॅशकॅम आणि मागच्या काचेवर मोठं रेडियम. आरसा बदलावा का, आणि हे सेन्सर नेमकं मोजतात तरी काय?

आरसा बदलू नका. दुपारी तो काळा पडतोय, यावरून तो चांगला असण्याचीच शक्यता जास्त. या आरशाला काळं राहायला सतत वीज लागते. वीज बंद झाली की तो आपोआप पांढरा, म्हणजे नेहमीसारखा स्वच्छ होतो. त्यामुळे आधी एवढंच करा: दुपारी आरसा काळपट दिसत असताना इग्निशन पूर्ण बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. रंग उतरून आरसा स्वच्छ झाला तर काच शाबूत आहे, तिला काळं होण्याचा हुकूम देणारं कुणीतरी चुकतंय. रंग उतरलाच नाही, कडेला पिवळट पट्टा किंवा बुडबुडे दिसले, तरच आरसा खरोखर गेलाय.

आतली रचना कळली की बाकीचं सोपं होतं. आरशात एक नाही, दोन काचा असतात. दोन्हींच्या आतल्या बाजूला विजेचा थर असतो. पुढच्या काचेवरचा पारदर्शक, बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडचा. मधल्या केसाएवढ्या फटीत जेल भरलेलं असतं आणि त्यात दोन प्रकारची रसायनं विरघळवलेली असतात. साधारण १.२ ते १.४ व्होल्ट दिले की एका थराशी एक रसायन इलेक्ट्रॉन घेतं, दुसऱ्या थराशी दुसरं इलेक्ट्रॉन देतं आणि दोन्ही रंगीत होतात. मग ती जेलमधून सरकत एकमेकांना भेटतात, देवघेव उलटी होते आणि रंग जातो. रंग टिकवायचा तर ही देवघेव सतत चालू ठेवावी लागते, म्हणून वीज सतत लागते. फ्यूज उडाला, वायर तुटली तर आरसा पांढराच राहतो. रात्री मागचं काहीच दिसेनासं होण्यापेक्षा थोडा उजेड डोळ्यावर आलेला परवडला, या विचारानेच ही रासायनिक जोडी निवडली जाते. व्होल्टेज कमी-जास्त करून मधल्या छटाही मिळतात. जुन्या खटक्याच्या आरशात पाचरीच्या आकाराची काच असते. खटका ओढला की चांदीऐवजी काचेच्या पुढच्या पृष्ठावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश डोळ्यात येतो. तिथे मधलं काही नाही, एक तर पूर्ण उजेड, नाहीतर जवळजवळ अंधार.

जेलच्या या आरशाचं व्यापारी उत्पादन अमेरिकेत मिशिगनमधल्या जेन्टेक्स कंपनीने १९८७ मध्ये सुरू केलं. प्रकाश ओळखून मोटरने हलणारे आरसे त्याच्याही आधी होते. म्हणजे सेन्सरची कल्पना जुनी, काच नवी. आजही बिघाड बऱ्याचदा या जुन्या अर्ध्या भागातच निघतो.

आता डोळे. आरशाला दोन असतात. एक मागे बघतो: आरशाच्या चौकटीत खालच्या बाजूला बारीक भोक, किंवा काचेतच एक गडद ठिपका. शेजारी हिरवा दिवा असेल तर त्याला सेन्सर समजू नका, तो फक्त चालू-बंद दाखवतो. दुसरा डोळा आरशाच्या पाठीवर असतो, पुढच्या काचेकडे तोंड करून. ड्रायव्हरच्या सीटवरून तो दिसतच नाही. न दिसल्यामुळे त्याच्यासमोर काय येतंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते या आरशांच्या निम्म्याहून जास्त तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पुढे बघणारा डोळा लागतो कशाला? आरसा मागून येणारा उजेड मोजतो आणि जास्त झाला की काळा होतो, असं सगळ्यांना वाटतं. पण उजेड ‘जास्त’ कुठे आणि ‘कमी’ कुठे, हे भोवतालवर ठरतं. हिशेब करून बघू. मागच्या गाडीचा अप्पर ३०,००० कँडेला धरा (कँडेला म्हणजे दिव्याच्या झोताच्या जोराचं माप, लक्स म्हणजे समोर पोचलेल्या उजेडाचं). प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो. १०० मीटरवर तो ३ लक्स, ५० मीटरवर १२ लक्स, २५ मीटरवर ४८ लक्स. मागची काच नियमाप्रमाणे किमान ७० टक्के प्रकाश सोडते, म्हणून ५० मीटरवरचे १२ लक्स आरशापर्यंत ८ च्या आसपास उरतात. समृद्धीवर दिव्यांचे खांब नसलेल्या पट्ट्यात भोवतालचा उजेड एक लक्सही नसतो, पौर्णिमेचं चांदणंसुद्धा पाव लक्सच्या आसपास. तिथे हे ८ लक्स डोळ्याला अक्षरशः झोंबतात. तेच ८ लक्स संभाजीनगरला जालना रोडवर, दिव्यांच्या उजेडात, जाणवतसुद्धा नाहीत. आणि दुपारी उघड्यावर एक लाख लक्स असतात, तेव्हा आठाचा विषयच नाही. आकडा तोच, त्रास वेगळा. म्हणून पुढचा डोळा अंधार किती आहे ते सांगतो, मागचा झळ किती आहे ते सांगतो, आणि सर्किट दोन्हींची तुलना करतं.

साध्या आरशात ही तुलना कशी होते ते बघा. दोन एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की रोध कमी होणारे छोटे चकतीसारखे भाग, एकाखाली एक जोडलेले. वरच्या टोकाला ५ व्होल्ट, खालच्या टोकाला अर्थ, म्हणजे शून्य व्होल्ट. वर मागचा, खाली पुढचा. मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज वाचायचं. शहरातल्या दिव्यांखाली दोन्हींचा रोध १२ किलोओम धरला तर सांध्यावर निम्मे, अडीच व्होल्ट. दुपारी पुढचा ५०० ओम, मागचा १,५०० ओम: १.२५ व्होल्ट, आरसा पांढरा. अंधाऱ्या रस्त्यावर पुढचा २०० किलोओमला चढला आणि मागच्यावर अप्पर पडून तो १५ किलोओमवर आला, तर सांधा ४.६५ व्होल्टला जातो आणि आरसा काळा होतो. या जोडणीत उजेडाचा एकूण आकडा महत्त्वाचा राहत नाही, दोन डोळ्यांतलं गुणोत्तर महत्त्वाचं ठरतं. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, तुमच्या गाडीचं कोडं त्यावरच सुटणार आहे.

एलडीआरची एक चांगली गोष्ट म्हणजे त्यातल्या कॅडमियम सल्फाइडला जो रंग जास्त दिसतो तो माणसाच्या डोळ्याशी बराच जुळतो, हिरव्याच्या आसपास. पण तो संथ असतो, उजेडातून अंधारात आला की काही काळ जुनाच उजेड लक्षात ठेवतो, आणि कॅडमियम विषारी. त्यामुळे नव्या आरशांत सिलिकॉनचे फोटोडायोड आले, म्हणजे प्रकाश पडला की बारीक वीजप्रवाह देणारे भाग. ते चपळ आणि टिकाऊ. मात्र त्यांना स्वतःचा एक दोष आहे: सिलिकॉनला सर्वांत जास्त दिसतं ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचं इन्फ्रारेड, जे आपल्याला दिसतच नाही. माणसाच्या डोळ्याचं शिखर ५५५ नॅनोमीटरला. हॅलोजनचा दिवा भरपूर इन्फ्रारेड फेकतो, पांढरा एलईडी जवळजवळ नाहीच. डायोडवर योग्य फिल्टर नसेल तर जुन्या ट्रकच्या पिवळ्या हॅलोजनला आरसा लगेच काळा होईल आणि नव्या एसयूव्हीच्या एलईडीला, जो डोळ्याला जास्त टोचतो, तो दाद देणार नाही. स्वस्तातल्या नकली आरशांची ही हमखास ओळख. चांगल्या सेन्सरवर डोळ्याच्या मापाचा फिल्टर बसवलेला असतो.

दुसरी अडचण आवाक्याची. चांदण्यापासून दुपारपर्यंत उजेडात लाखो पटींचा फरक, आणि अंधारात डायोडमधून येणारा प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरातला. म्हणून सेन्सरमधली चिप पाणी भरायला हंडा ठेवावा तसा तो प्रवाह ठरावीक वेळ साठवते आणि मग मोजते. अंधारात जास्त वेळ साठवायचं, उजेडात अगदी थोडा. आपल्याकडचं ऊन इथे आडवं येतं. काहीच उजेड नसतानाही डायोडमधून जो गळका प्रवाह वाहतो तो दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात परभणी-नांदेडला ४३ अंशांत दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी काढली तर आरशाची पाठ अजून तापलेलीच असते. चांगली चिप एक जादा डायोड कायम झाकलेला ठेवून हा गळका प्रवाह मोजते आणि वजा करते. तसं नसेल तर गरम डोळ्याला अंधारातही उजेड ‘दिसतो’. गाडी थंड झाल्यावर आरसा नीट चालत असेल तर संशय इथे घ्या.

सर्किटच्या काही सवयी मुद्दाम दिलेल्या असतात, त्यांना बिघाड समजू नका. पुढच्या डोळ्याचं वाचन सरासरी काढून, हळूहळू बदललं जातं. नाहीतर प्रत्येक खांबाखाली आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला आरसा पांढरा-काळा होत राहिला असता. गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर समोरून उसाच्या ट्रॉल्यांची रांगच लागली तर मात्र सरासरी वर चढते आणि आरसा थोडा उजळतो. काळं व्हायला काही सेकंद लागतात, पांढरं व्हायला सहसा त्याहून जास्त, आणि परभणीच्या डिसेंबरमधल्या पहाटे दोन्ही आणखी सावकाश, कारण थंड जेल जड होतं. मांजरसुंब्याच्या घाटात मागचा दिवा वळणावळणाला आत-बाहेर करतो तेव्हा आरसा थोडा मागे राहणारच. क्षणभर मारलेला डिप्पर तो अडवू शकत नाही. पुढच्या डोळ्याला दिवसाचा भरपूर उजेड दिसत असेल तर आरसा पांढराच ठेवला जातो. त्यामुळे सकाळी साडेसहाला जालन्याहून संभाजीनगरकडे निघालात, सूर्य पाठीशी आणि थेट आरशात, तरी तो काळा होणार नाही. आणि रिव्हर्स गिअर पडला की लगेच पांढरा, कितीही झळ असो.

आता तुमची गाडी. डॅशकॅम आरशामागे काचेला चिकटवलेला असतो, त्याची स्क्रीन गाडीच्या आत, म्हणजे नेमकी आरशाच्या पाठीकडे बघत असते. पुढच्या डोळ्यासमोर आधी आभाळ होतं, आता दोन-तीन इंचांवर डॅशकॅम आहे. दुपारी स्क्रीन मिनिटा-दोन मिनिटांनी झोपली की पुढच्या डोळ्यासमोर नुसतं काळं प्लास्टिक उरतं. त्याला वाटतं रात्र झाली. मागच्या डोळ्याला मागच्या काचेतून दिवसाचा उजेड मिळतोच आहे. गुणोत्तर बिघडलं, आरसा काळा. रात्री उलटं. स्क्रीन जागी असेल तर तिचा उजेड अगदी जवळून पुढच्या डोळ्यात जातो, मागच्या ट्रकच्या आठ-दहा लक्सपेक्षा कितीतरी जास्त. त्याला वाटतं आपण दिव्यांच्या रस्त्यावर आहोत, आणि अप्पर आला तरी आरसा पांढरा. स्क्रीन झोपलेली असेल तर पुढे अंधार, मागे झळ, आरसा बरोबर काळा. म्हणजे ‘कधी होतो, कधी नाही’ याचं उत्तर स्क्रीनच्या टायमरमध्ये आहे. आज रात्री खात्री करा: स्क्रीन चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही वेळा मागून टॉर्च मारा.

फास्टॅगही असाच आडवा येतो. तो आरशामागे काचेच्या मधोमध लावायची पद्धत, आणि घाईत लावणारा नेमका डोळ्यासमोर लावतो. टॅग सोलून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका, सोलला की तो निकामी होतो. बँकेकडून बदली टॅग घ्या आणि लावण्याआधी बाहेरून काचेतून आरशाची पाठ बघून डोळा कुठे आहे ते ठरवा. पुढच्या डोळ्यासमोर, वरच्या दिशेलाही, मोकळं आभाळ दिसलं पाहिजे. चार इंच बाजूला सरकवलेला टॅग किंवा डॅशकॅम सहसा पुरतो. काचेवरची गणपतीची मूर्ती, आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची, हे सगळं याच हिशेबात धरा.

मागचं रेडियम हा वेगळा मुद्दा. ‘जय शिवराय’ किंवा ‘आई तुळजाभवानी’ बारीक अक्षरांत असेल तर काही बिघडत नाही. पण अख्ख्या काचेवर छाया-चित्र असेल, किंवा डिकीत आणि मागच्या सीटवर छतापर्यंत सामान असेल, तर मागच्या डोळ्याला उजेड कमी पोचतो आणि आरसा उशिरा काळा होतो. जाळीचा पडदाही तेच करतो. मुलांवर लक्ष ठेवायला आरसा खाली वाकवला तर मागचा डोळाही सीटकडे बघायला लागतो, कारण तो चौकटीतच बसवलेला आहे.

तपासणी अशी करा. गाडी सावलीत, इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, आरशावर बटण असेल तर चालू. पुढच्या डोळ्यावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचे दोन थर लावा. अंगठ्याने झाकू नका, बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो आणि चाचणी फसते. मोबाइलचा टॉर्च मागच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि दहा सेकंद मोजा. आरसा काळा व्हायला हवा. तसाच टॉर्च धरून ब्रेक दाबून रिव्हर्स टाका, आरसा उजळायला हवा. रिव्हर्स काढा, पुन्हा काळा. शेवटी टेप काढा, हळूहळू पांढरा. हे सगळं जमलं तर दोन्ही डोळे, सर्किट आणि काच, चारही ठीक. तुमच्या वर्णनावरून तुमचा आरसा या चाचणीत पास होईल असं मला वाटतं.

काळाच झाला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, पण काय तपासायचं ते सांगून. आरशाच्या कपलरवर इग्निशन चालू असताना १२ व्होल्ट येतात का, अर्थ पक्का आहे का, आणि रिव्हर्सची वायर, ती वेगळी असेल तर, गिअर रिव्हर्समध्ये नसताना शून्य दाखवते का. ही तिसरी वायर विसरू नका. बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवताना रिव्हर्स दिव्याच्या वायरवर जोड मारला जातो. तो चुकला आणि त्या वायरवर कायम व्होल्टेज राहिलं तर आरशाला वाटतं गाडी सतत मागे चालली आहे, आणि तो कधीच काळा होत नाही. नव्या गाड्यांत ही माहिती वेगळ्या वायरने न येता एकाच डेटा वायरवरून येते. तिथे मल्टिमीटरने काही कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो.

एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका: काचेच्या दोन वायरींना थेट १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावणं. ती काच सव्वा व्होल्टची आहे, १२ व्होल्टने काही क्षणांत कायमची खराब होते. काच तपासायची तर दोन्ही वायरी सर्किटपासून सोडवा आणि १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल पेन्सिल सेल लावा. काही सेकंदांत काळी झाली, सेल काढून दोन्ही वायरी एकमेकांना टेकवल्यावर पांढरी झाली, तर काच उत्तम. बाहेरचे आरसेही ऑटो-डिमिंग असतील तर त्यांना स्वतःचे डोळे नसतात, हुकूम आतल्या आरशाकडूनच जातो. त्यामुळे तिन्ही एकदम बिघडले तर आतला बघा, एकच बिघडला तर त्याची वायर किंवा काच. बाहेरच्या आरशाला सहसा चार टोकं असतात, त्यातली दोन दव घालवायच्या हीटरची. हीटरचा रोध जेमतेम काही ओम असतो. सेल लावण्याआधी मोजून ती बाजूला काढा.

काच खरोखर जाते ती बहुतेक उन्हाने. बंद गाडीत, काचेजवळ, वर्षानुवर्षं तापून कडेचं सील सुटतं. आधी कडेला पिवळसर-तपकिरी पट्टा, मग बुडबुडे, मग जेल खाली ठिबकतं. ते हाताला लागू देऊ नका, हातमोजे घाला, डॅशबोर्डवर किंवा लेदरवर पडलं तर लगेच साबणाच्या पाण्याने पुसा, नाहीतर डाग पडून पृष्ठभाग मऊ पडतो. अशी काच दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. पुसताना काच-क्लीनर आरशावर थेट फवारू नका, तो चौकटीतून मागच्या डोळ्याच्या भोकात आणि सर्किटपर्यंत जातो. कापडावर फवारा, मग पुसा. दोन्ही डोळ्यांवरची धूळ महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कापडाने काढा, आणि पुढच्या डोळ्यासमोरची काच आतून पुसायला विसरू नका. गाडीतल्या प्लास्टिकची वाफ तिथे धुरकट थर धरते, आणि तो हात आरशामागे घालूनच निघतो.